वाचकांचे प्रश्न: कुठवर वाचलं ते कुणी लक्षात ठेवायचं?

मागच्या अंकात जीपीयूला काम कसं सोपवलं जातं ते लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली आणि गंमत म्हणजे त्यातली बहुतेक एकाच जागी येऊन थांबतात, त्या स्टेटस बफरच्या पॉइंटरपाशी. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंटेलच्या ब्रॉडवेल पिढीपासून, म्हणजे २०१४ पासून, एक्झेकलिस्ट नावाची पद्धत आली, त्यात ड्रायव्हर एका वेळी दोन कॉन्टेक्स्ट (म्हणजे एकेका प्रोग्रामचं जीपीयूवरचं काम आणि त्याची स्थिती) हार्डवेअरच्या सबमिट पोर्टात टाकतो, आणि हार्डवेअर त्यांचं काय झालं ते (सुरू झालं, संपलं, मधेच बाजूला काढलं) एका छोट्या गोल बफरमधे लिहून ठेवतं. हा कॉन्टेक्स्ट स्टेटस बफर, सगळे त्याला सीएसबी म्हणतात. हार्डवेअर लिहितं आणि राइट पॉइंटर पुढे सरकवतं, ड्रायव्हर वाचतो आणि आपला हेड, म्हणजे कुठवर वाचलं त्याची खूण, पुढे सरकवतो. ऐकायला एवढंच आहे पण लिनक्समधल्या इंटेल जीपीयूच्या आय९१५ ड्रायव्हरमधे या एवढ्याशा गोष्टीवर कितीतरी वर्षं दुरुस्त्या होत राहिल्या, त्यामुळे तुमचे प्रश्न अगदी योग्य जागी आहेत.

प्रश्न: ताई, मी नुकताच ड्रायव्हरचा कोड वाचायला घेतलाय. सीएसबीच्या पॉइंटर रजिस्टरमधे राइट पॉइंटर पण आहे आणि रीड पॉइंटर पण आहे, दोन्ही शेजारी शेजारी. मग ड्रायव्हर स्वतःच्या मेमरीत वेगळा हेड कशाला ठेवतो? एकच गोष्ट दोन ठिकाणी ठेवली की कधी ना कधी ती जुळेनाशी होणारच ना?

उत्तर: तुमची शंका बरोबर आहे, एकच गोष्ट दोन ठिकाणी ठेवू नयेच. आणि म्हणूनच ती रजिस्टरमधून काढून टाकली, ड्रायव्हरमधून नाही.

आधी ते रजिस्टर कसं आहे ते बघू. जुन्या पिढ्यांमधे खालचे ३ बिट राइट पॉइंटरचे, आणि ८ व्या बिटापासूनचे ३ बिट रीड पॉइंटरचे. राइट पॉइंटर हार्डवेअर बदलतं. रीड पॉइंटर मात्र ड्रायव्हरनंच लिहायचा असतो, म्हणजे आपणच वाचायचं, आपणच तिथे नोंद करायची आणि पुढच्या इंटरप्टला आपणच ती नोंद परत वाचायची. सुरुवातीला कोड असाच होता. आता प्रश्न असा की या नोंदीचा हार्डवेअरला काय उपयोग? बरेच जण धरून चालतात की हार्डवेअर रीड पॉइंटर बघून ठरवत असेल की हे अजून वाचलेलं नाही, यावर लिहायला नको. तर तसं अजिबात होत नाही. न वाचलेली नोंद वाचवण्यासाठी हार्डवेअर त्या आकड्याकडे ढुंकूनही बघत नाही! म्हणजे तो आकडा फक्त आपल्यासाठी आहे, आणि फक्त आपल्यासाठी असलेला आकडा डिव्हाइसमधे नेऊन ठेवायचं काही कारणच उरत नाही.

बरं, तिथे ठेवणं फुकट पण नाही. एमएमआयओ रजिस्टर (मेमरीसारख्या पत्त्यावरून गाठायचं, पण डिव्हाइसमधे असलेलं) वाचायचं म्हणजे कॅशमधून काही मिळत नाही, प्रत्येक वेळी थेट डिव्हाइसपर्यंत जाऊन उत्तराची वाट बघायची, आणि जीपीयू झोपलेला असेल तर आधी फोर्सवेक घेऊन त्याला जागं ठेवायचं. काही रजिस्टरं अशी असतात की त्यांच्यात लिहिताना फोर्सवेक नसला तरी चालतं, पण हे रजिस्टर त्या यादीत नाही, आणि रिसेटच्या आसपास फोर्सवेक घेतलेला नसताना त्यात लिहिलं जात होतं, म्हणजे ते सुरक्षित नव्हतंच. २०१८ मधे ती नोंद करणं बंद झालं आणि हेड फक्त ड्रायव्हरच्या मेमरीत राहिला.

माझं मत विचाराल तर या सगळ्या विषयात सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, प्रत्येक पॉइंटरला एकच मालक हवा. राइट पॉइंटर हार्डवेअरचा, तो आपण फक्त वाचायचा. हेड ड्रायव्हरचा, तो आपणच बदलायचा आणि दुसऱ्या कुणाला विचारायचा नाही. पुस्तक वाचताना खूण आपण आपल्या पुस्तकात घालतो, कुठवर वाचलं हे विचारायला छापखान्यात जात नाही. एकदा हे पक्कं झालं की कोड वाचताना अर्धी भानगड तिथेच सुटते, कारण कुठल्याही ओळीवर बोट ठेवून विचारता येतं की हा आकडा कुणाचा आणि इथे त्याला हात लावायचा हक्क कुणाला आहे.

राइट पॉइंटर तरी रजिस्टरमधूनच वाचावा लागत असेल, असं तुम्ही म्हणाल. तोही नाही. प्रत्येक इंजिनला (जीपीयूमधल्या काम करणाऱ्या एकेका भागाला) मेमरीत एक हार्डवेअर स्टेटस पेज असतं, ४०९६ बाइटचं, आणि हार्डवेअर सीएसबीची आरशासारखी प्रत तिथे पण लिहितं. जुन्या पिढ्यांमधे त्या पेजवर १६ ते २७ नंबरच्या डीवर्डमधे सहा नोंदी (एक डीवर्ड म्हणजे ४ बाइट, प्रत्येक नोंदीला दोन डीवर्ड, एकात स्टेटसचे बिट आणि दुसऱ्यात कॉन्टेक्स्टचा आयडी) आणि ३१ नंबरच्या डीवर्डमधे राइट पॉइंटर. बाइटमधे मोजा, ६४ पासून १२७ पर्यंत, म्हणजे सगळ्या नोंदी आणि पॉइंटर मिळून ६४ बाइटच्या एकाच कॅश लाइनमधे (सीपीयू मेमरी ज्या तुकड्यांनी कॅशमधे आणतो त्यातल्या एका तुकड्यात) बसतात. किती छान मांडणी आहे बघा. २०१७ मधे आय९१५ या प्रतीवरून वाचायला लागला. त्यामुळे लेटन्सीत काही फार फरक पडला असं नाही, पण कॉन्टेक्स्ट स्विचचे इंटरप्ट इतके सतत येतात की प्रत्येक वेळचे दोनचार एमएमआयओ रीड वाचले तरी सीपीयूचा वापर जरा उतरतो.

प्रश्न: रिसेटनंतर हेड ० करायचं सोडून बफरच्या साइझपेक्षा एकनं कमी का करतात? सहा नोंदी असतील तर ५. मला हे उगाच अवघड करून ठेवल्यासारखं वाटतं, शून्यापासून सुरू केलं तर बिघडतं कुठे?

उत्तर: पहिल्याच नोंदीला बिघडतं. कागद घ्या आणि माझ्याबरोबर करून बघा.

इथे हेडचा अर्थ "पुढे वाचायची जागा" असा नाहीये, "शेवटची वाचलेली जागा" असा आहे. राइट पॉइंटर पण "शेवटची लिहिलेली जागा" दाखवतो. म्हणून लूप असा चालतो की आधी हेड एकनं वाढवा, सहा झाला तर शून्य करा, त्या जागची नोंद वाचा, आणि हेड टेलला (म्हणजे वाचून घेतलेल्या राइट पॉइंटरला) भेटेपर्यंत हेच करत रहा. समजा हेड ४ आहे आणि टेल १ आला. तर ५ वाचायची, मग ०, मग १, आणि थांबायचं. तीन नोंदी. हेड आणि टेल सारखे असतील तर नवीन काहीच नाही, परत फिरायचं.

आता रिसेट झालाय आणि तुम्ही हेड ० ठेवलाय. रिसेटनंतर हार्डवेअर पहिली नोंद शून्य नंबरच्या जागी लिहितं. ती लिहिली, राइट पॉइंटर ० झाला, इंटरप्ट आला. ड्रायव्हर बघतो, हेड ०, टेल ०, सारखे आहेत, काही नाही, परत गेला. पहिला इव्हेंट गेला! आणि तो पहिला इव्हेंट साधासुधा नसतो, आपण दिलेलं काम हार्डवेअरनं उचललं याची ती पावती असते. ती मिळाली नाही तर ड्रायव्हर पुढचं काम देत नाही, वाट बघत बसतो, आणि पुढची नोंद आली की ती वाचताना मधली एक गळालेली असल्यामुळे हिशोब चुकतो. हेड ५ ठेवला की पहिली नोंद आल्यावर हेड वाढून ६, म्हणून ०, आणि बरोबर तीच नोंद वाचली जाते.

यात अजून एक गोष्ट आहे जी मला फार रोचक वाटते. जुन्या पिढ्यांमधे पॉवर अप किंवा रिसेट झाला की हार्डवेअर राइट पॉइंटरचे सगळे बिट १ करून ठेवतं, ३ बिट म्हणजे ७. पण नोंदी तर ० ते ५ अशाच आहेत, ७ नंबरची जागाच नाही. म्हणून तेव्हाच्या ड्रायव्हरमधे खास अट होती की ७ दिसला तर तो ५ समजायचा. आणि सस्पेंडमधून परत आल्यावर रजिस्टर रिसेट झालेलं असेल की जुनाच आकडा तसाच असेल हे पण सगळीकडे सारखं नव्हतं. ब्रॉडवेलवर नुसतं फ्रीझ करून परत आलं तर आकडा टिकायचा आणि रॅममधे सस्पेंड केलं तर पुसला जायचा, चेरीट्रेलवर (इंटेलचीच दुसरी चिप) दोन्ही वेळा टिकायचा. त्यामुळे तेव्हा "डोळे मिटून शून्य करा" हा मार्गच नव्हता, हार्डवेअर कुठे आहे ते बघून आपला हेड तिथे नेऊन ठेवायला लागायचं.

नंतरचा कोड याच्या उलट करतो आणि मला तो जास्त आवडतो. रिसेटच्या वेळी आधी बफरमधे जे काही शिल्लक असेल ते नेहमीसारखं वाचून संपवतो, कारण रिसेटच्या आधी संपलेल्या कामाची नोंद तिथे पडून असू शकते आणि ती हरवली तर संपलेलं काम आपण परत चालवू. ते झालं की मग हेड, मेमरीतला राइट पॉइंटर आणि रजिस्टर तिन्ही एकाच किमतीवर आणतो. रजिस्टर का, तर नंतरच्या पिढीतला आइस लेक कधी कधी रिसेटमधे आपले पॉइंटर रिसेट करायला विसरतो, मग बाहेरून लिहून त्याला जागेवर आणावं लागतं. (हे लिहिताना वरच्या १६ बिटमधे मास्क, म्हणजे खालचे कुठले बिट बदलायचे ते, द्यावा लागतो, नाहीतर खालच्या बिटमधे काहीही लिहा, त्याचा परिणाम होत नाही. नवीन लोक इथे हमखास अडतात.)

प्रश्न: मी एका छोट्या टीममधे दुसऱ्याच एका डिव्हाइसच्या ड्रायव्हरवर काम करते, पण आमचा प्रॉब्लेम अगदी असाच आहे. राइट पॉइंटर पुढे गेलेला दिसतो पण त्या जागची नोंद वाचली की मागच्या फेरीतली जुनी नोंद मिळते. फार क्वचित होतं, आणि प्रिंट टाकला की गायब. हार्डवेअरची टीम म्हणते आमचं बरोबर आहे, आधी नोंद आणि मगच पॉइंटर लिहितो.

उत्तर: प्रिंट टाकला की गायब होणारा बग ताकाला तूर लागू देत नाही, खरंय. पण तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून दोन जागा तपासण्यासारख्या आहेत आणि क्रमानंच तपासा.

पहिली जागा तुमच्या बाजूला. हार्डवेअरनं आधी नोंद आणि मग पॉइंटर असं लिहिलं तरी वाचताना तुमच्या सीपीयूनं तोच क्रम पाळायला हवा ना? कोडमधे तुम्ही आधी पॉइंटर वाचला आणि मग नोंद, पण कंपायलर ते उलटसुलट करू शकतो, आणि कंपायलरनं नाही केलं तरी सीपीयू अंदाजानं नोंद आधीच वाचून ठेवू शकतो. मग पॉइंटर नवा आणि नोंद जुनी, अगदी तुमचं लक्षण. यावर उपाय जुनाच आहे, पॉइंटर रीडवन्सनं (कंपायलरला एकदाच वाचायला लावणारा लिनक्सचा मॅक्रो) एकदाच वाचायचा, लोकल व्हेरिएबलमधे घ्यायचा, मग रीड बॅरियर (आधीचं वाचन झाल्याशिवाय पुढचं करू नको असं सांगणारी सूचना), आणि मग नोंदी. एकदाच वाचायचा हे पण महत्त्वाचं आहे, लूपच्या अटीमधे दर वेळी पॉइंटर परत वाचत बसलात तर मधे तो सरकतो, आणि ज्या नोंदी बॅरियरनंतर आल्या त्या तुम्ही बॅरियर नसताना वाचता. एका फेरीत जेवढा टेल दिसला तेवढंच वाचा, नवीन आलं असेल तर इंटरप्ट परत येईलच.

दुसरी जागा खरोखर हार्डवेअरची. हे पण होतं, आणि नावाजलेल्या हार्डवेअरमधे झालंय, त्यामुळे "आमचं बरोबर आहे" एवढ्यावर गप्प बसू नका. आय९१५ मधे गेन ११ पिढीवर (आइस लेक त्यातलाच) असं आढळलं की नोंद आणि पॉइंटर यांचा क्रम बाहेरून बघणाऱ्याला नेहमी बरोबर दिसत नाही, बॅरियर असूनही जुनी नोंद मिळते. त्या पिढीत नोंदी सहाच्या बारा झाल्या होत्या आणि पॉइंटर ४७ नंबरच्या डीवर्डवर गेला होता, म्हणजे वर सांगितलेली एकाच कॅश लाइनची सोय संपली होती. दोष त्यामुळेच आला असं मी म्हणत नाही, पण मांडणी बदलली की आपोआप मिळणारी अशी सोय पण जाते हे लक्षात असावं. तिथे उपाय असा केला की नोंदी वाचून झाल्यावर ड्रायव्हर त्या कॅश लाइन मुद्दाम कॅशमधून काढून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी ताजं मिळायची शक्यता वाढते.

शक्यता वाढते म्हटलं, खात्री नाही. म्हणून त्यानंतरच्या टायगर लेकवर २०२० मधे जास्त कडक मार्ग घेतला, आणि तुम्हाला मी हाच सुचवेन. नोंद वाचली की तिच्या जागी सगळे बिट १, म्हणजे उणे एक, लिहून ठेवायचं. खरी नोंद कधीच अशी नसते. पुढच्या फेरीत पॉइंटर म्हणतो की या जागी नवीन आहे पण वाचलं तर उणे एक, म्हणजे नोंद अजून पोचलेली नाही, मग काही मायक्रोसेकंद तिथेच थांबून परत परत बघायचं. आली तर ठीक, नाहीच आली तर मग शेवटचा पर्याय म्हणून एमएमआयओमधली प्रत वाचायची. यात एक चांगलं असं आहे की जुन्या नोंदीला नवी समजायची वेळच येत नाही, जुनी तिथे उरलेलीच नसते.

तुमच्या टीमला पुरावा हवा असेल तर हेच आधी फक्त मोजण्यासाठी लावा. उणे एक लिहा, बॅरियर असताना किती वेळा उणे एक दिसतं ते एका काउंटरमधे मोजा, प्रिंट नको, प्रिंटनं वेळ बदलतो. काउंटर हलला तर तो कागद घेऊन हार्डवेअरच्या टीमकडे जा.

प्रश्न: सहाच नोंदी? ड्रायव्हर जरा उशिरा पोचला तर बफर भरून जुनं पुसलं जात नाही का?

उत्तर: जाईल, आणि वर म्हटलं तसं हार्डवेअर रीड पॉइंटर बघत नाही त्यामुळे अडवायला पण कुणी नाही. पण इथे नोंदी आपल्याच कामामुळे तयार होतात. पोर्टात जागा दोनच, आणि आधीचं सबमिशन हार्डवेअरनं उचलल्याची नोंद येईपर्यंत ड्रायव्हर दुसऱ्यांदा पोर्टात लिहितच नाही. (लिहिलं तर हार्डवेअर गोंधळतं, तो वेगळाच विषय.) म्हणजे न वाचलेल्या नोंदींना आपोआप मर्यादा येते. तुम्ही वाचायला थांबलात तर लिहायला पण फारसं काही उरत नाही.

जिथे अशी मर्यादा नाही तिथलं उदाहरण हवं असेल तर एएमडीच्या ड्रायव्हरमधली इंटरप्ट रिंग बघा. तिथे पण राइट पॉइंटर मेमरीत लिहून मिळतो, पण इंटरप्ट कुठूनही कितीही येऊ शकतात, म्हणून राइट पॉइंटरमधेच ओव्हरफ्लोचा एक बिट आहे. तो दिसला की ड्रायव्हर वॉर्निंग देतो आणि आपला रीड पॉइंटर राइट पॉइंटरच्या एक नोंद पुढे नेतो, गोल बफरमधे तीच सगळ्यात जुनी आणि अजून न पुसलेली नोंद. मधलं गेलं ते गेलं. दोन्हीकडे गोल बफरच आहे, पण एकीकडे ओव्हरफ्लो होणार नाही याची काळजी घेतलीय आणि दुसरीकडे झाल्यावर सावरायची. तुमचा बफर कुठल्या जातीचा ते ठरवल्याशिवाय साइझवर वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रश्न: हेड वाचताना आणि बदलताना लॉक का दिसत नाही? मी घालून पॅच पाठवू का?

उत्तर: नको. हेडला हात लावणारा टास्कलेट (इंटरप्टनंतरचं उरलेलं काम करणारा कर्नलमधला छोटा भाग) एकच असतो आणि एका वेळी एकाच सीपीयूवर चालतो, रिसेटच्या वाटेवर तो आधी बंद केलेला असतो. म्हणजे मालक एकच आहे, फक्त ते लॉकनं नाही तर रचनेनं साधलंय. तुमच्या ड्रायव्हरमधे इंटरप्ट हँडलर आणि एखादा वर्कर दोघंही वाचत असतील तर गोष्ट वेगळी, पण तिथे पण लॉक घालण्याआधी मी विचारेन की दोघांनी का वाचावं?

प्रश्न: आता नवीन इंटेल जीपीयूमधे शेड्यूलिंगचं काम गक फर्मवेअरच करतं असं वाचलं. मग हे सगळं शिकण्यात वेळ घालवू का? कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विषय निवडायचाय.

उत्तर: हो, गकवर (जीपीयूमधल्याच एका छोट्या मायक्रोकंट्रोलरवर) चालणाऱ्या जीपीयूमधे सीएसबी ड्रायव्हर वाचत नाही, फर्मवेअर वाचतं. पण त्या फर्मवेअरशी ड्रायव्हर बोलतो कसा? शेअर्ड मेमरीतल्या दोन गोल बफरमधून, एक जायचा एक यायचा, प्रत्येकाला हेड आणि टेल! म्हणजे लिहिणारा बदलला, प्रश्न तोच राहिला.

प्रोजेक्टसाठी मी असं सुचवेन की आय९१५ चा सीएसबी वाचणारा भाग आणि एनव्हीएमईची (एसएसडीशी बोलायची पद्धत) कंप्लीशन क्यू, म्हणजे संपलेल्या कामांची रांग, शेजारी ठेवून अभ्यासा. एनव्हीएमईमधे डिव्हाइस राइट पॉइंटर सांगतच नाही. प्रत्येक नोंदीत एक फेज बिट असतो, क्यूची एक फेरी पूर्ण झाली की तो उलटतो, त्यामुळे नोंद नवी की मागच्या फेरीची हे ती नोंदच सांगते. वर टायगर लेकला उणे एक लिहून जे मिळवावं लागलं ते तिथे मुळातच आहे, शिवाय ड्रायव्हर कुठवर वाचलं ते डोरबेल नावाच्या रजिस्टरमधे लिहून कळवतो आणि डिव्हाइस ते खरंच बघतं. दोन्हीची नक्कल सी मधे लिहा, एक थ्रेड हार्डवेअर आणि एक थ्रेड ड्रायव्हर, आणि मग हार्डवेअरच्या थ्रेडमधे नोंद आणि पॉइंटर यांचा क्रम मुद्दाम बिघडवून बघा कुठल्या पद्धतीत चूक लगेच पकडली जाते. ग्राफिक्स कार्ड पण लागणार नाही, साध्या लॅपटॉपवर होईल. काही अडलं तर कोडचा तुकडा जोडून लिहा, पुढच्या अंकात घेऊ.